विसार देऊन गेलेली माणसं

१

भिकन पाटलांची पांढरी गाडी तीन वर्षं जागची हलली नव्हती, आणि तरीही तिच्या नावावर दंड आला. तापीच्या पुलाअलीकडच्या सिग्नलला थांबायची रेघ ओलांडली, असं मोबाईलवर आलेल्या मेसेजमध्ये लिहिलं होतं. खाली फोटो होता. नंबर त्यांच्याच गाडीचा.

त्यांचा मुलगा चेतन तसाच जिना उतरून खाली गेला. इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी होती तशीच होती. वर राखाडी कव्हर, कव्हरवर उत्तरायणातल्या पतंगाचा गुलाबी मांजा अडकलेला. झोपलेल्या माणसाचा ताप बघावा तसा त्याने कव्हरवर हात ठेवला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

रविवारी त्याच्या बायकोने, धनश्रीने, जागृतीला बोलावून घेतलं. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. जागृती एका विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. कुठली धडक खरी, कुठली रचलेली, हे ठरवणं तिचं काम होतं. त्या कामाने तिला एक सवय लावली होती, गाडीत जाऊन गप्प बसून राहायची. सहकारी हसायचे. ती म्हणायची, माणसं उतरून जातात, पण त्यांचं बसणं गाडीत राहतं.

"आधी हे कळू दे, गाडी विकायला काढली कधी?" तिने विचारलं.

"बाबा गेले, त्यानंतर दिवाळीला," चेतन म्हणाला. भिकन पाटील पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगमास्तर होते. साखरेने डोळे गेले आणि तेव्हापासून गाडी उभी. गेल्या पावसाळ्यात ते वारले. "मला गाडी येत नाही. मी मोटरसायकलवाला. खाली उतरलं की ती दिसते आणि सकाळ खराब होते. म्हणून म्हटलं, देऊन टाकू."

"मग?"

"मग ही तीन माणसं आली."

तिन्ही गिऱ्हाइकं एकाच चालीची. दारात आली, गाडी बघितली, छान आहे म्हणाली, विसार दिला, पुढच्या आठवड्यात बाकीचे पैसे आणतो म्हणून गेली आणि परत उगवली नाहीत. फोन लावला तर बंद. पहिला गेला, थोड्या दिवसांनी दुसरा आला. दुसरा गेला, तिसरा आला. प्रत्येकाने गाडीच्या कागदांचे फोटो मात्र काढून नेले.

"विसार परत मागायला कोणी आलं नाही?"

"कोणीच नाही. आईने जपून ठेवलाय. दुसऱ्याचा पैसा. आणि विसार घेतलाय तोवर गाडी तिसऱ्याला द्यायची नाही, हे बाबांचंच वळण आमच्या घरात." चेतनने मोबाईल पुढे केला. "आता हे बघा. कागदांवरून माझ्या गाडीचा नंबर उचललाय. तसल्याच पांढऱ्या गाडीला लावून कोणीतरी सुरतभर फिरतंय. उद्या त्या गाडीने माणूस उडवला तर पोलीस माझ्या दारात."

फोटो मागून घेतलेला, धुरकट होता. मागच्या काचेवर एक पांढरा चौकोन दिसत होता, त्यात काहीतरी लालसर.

"हाच पुरावा," चेतन म्हणाला. "आमच्या गाडीच्या काचेवर असलं काही नाही. म्हणजे ही गाडी दुसरीच."

त्याची आई, मालतीबाई, चहा घेऊन आली. ठेंगणी, गोरी, कपाळापर्यंत पदर. कप ठेवताना तिने मोबाईलकडे एकदाच पाहिलं.

"बेटा, साखर कमी शे. लागी तर सांग," ती अहिराणीत म्हणाली आणि आत गेली.

ती गेल्यावर चेतनने आवाज खाली आणला. "ही तिन्ही माणसं राघोकाकांच्या ओळखीची निघाली. बाबांचे जिवलग मित्र. मी त्यांच्या मांडीवर वाढलोय. पण बुधवारी माझी सुट्टी आहे. बुधवारी मी पोलिसांत जाणार आणि त्यांचंच नाव देणार."

२

जागृतीने कव्हर काढलं. दार उघडताच कापराचा वास आला, आणि त्याच्याखाली रंगाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसांच्या कपड्यांना येतो तो आंबटसा वास. ती चालकाच्या जागेवर बसली आणि दार लावून घेतलं.

बाहेरचं जग विरघळलं. लांबून यंत्रमागांची धडधड येत होती, पण काचेतून ती पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे पडले होते. त्यांत धूळ तरंगत होती. जागृतीचे हात आपोआप स्टिअरिंगवर गेले, पाय पॅडलवर टेकले, आरशात मागची काच चौकटीत बसवल्यासारखी पूर्ण दिसली. मोटार आपल्यासाठीच शिवली असावी इतकं सगळं अंगाला नेमकं बसत होतं. ती बराच वेळ तशीच राहिली.

मग तिला खटकलं ते हेच.

जागृती बुटकी होती. परक्या गाडीत बसलं की आधी सीट पुढे ओढायची, मग आरसा वाकवायचा, हे तिचं रोजचं. या गाडीत तिने कशालाही हात लावला नव्हता.

"तुझे सासरे उंच होते ना?" तिने काच खाली करून धनश्रीला विचारलं.

"सहा फूट. फोटो पाहिलास की वर."

"तिसरं गिऱ्हाईक इथे बसलं होतं?"

"हो. हा एवढा माणूस." धनश्रीने दोन्ही हात फाकवले. धनश्री स्वतः चेतनच्या खांद्याहून वर जाणारी.

एवढा माणूस या जागेत बसला तर त्याचं पोट स्टिअरिंगमध्ये अडकलं असतं. म्हणजे तो उठून गेल्यावर कोणीतरी सीट पुढे ओढली होती. जागृतीने किल्ली फिरवली. काट्यांमागचे दिवे उजळले. दाराच्या कडेला तेल बदलल्याची जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती. डोळे जायच्या थोडं आधी भिकनरावांनी शेवटचं तेल बदललं तेव्हाचा आकडा तिच्यावर होता. समोरचा आकडा त्याच्या चार हजार किलोमीटर पुढे गेला होता.

ती उतरून मागे गेली. मागच्या काचेवर धुळीचा पातळ थर होता. मधोमध मात्र एक चौकोन स्वच्छ, आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचा डिंक.

तिने फोटो पुन्हा पाहिला.

"धनू," ती म्हणाली, "नंबर कोणी चोरला नाही. पुलावर गेली ती हीच गाडी. पण चेतनला इतक्यात सांगू नकोस."

३

सोमवारी ती कडोदऱ्याच्या रस्त्यावर किरीटभाईंच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे उघडं मैदान. जुन्या गाड्या काचेवर किमती लिहून रांगेत उभ्या, कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. पाटलांची गाडी किरीटभाईंनी दोनदा मागितली होती. विकायला उशीर झाला तर भाव पडतो, आणि पडलेल्या भावात फायदा त्यांचाच, असं चेतनचं म्हणणं होतं.

"बेन, मला ती गाडी आज पाहिजे," किरीटभाई म्हणाले. ते मराठीतच बोलत होते, पण त्यांच्या मराठीला गुजराती झोका होता. "एक वरस पछी नाही. उभी गाडी म्हणजे पिकलेलं केळं. मी जाऊन माणसं पाठवू, त्यांना बानुं, तुमचा विसार, द्यायला लावू, ते कशासाठी? मला चांगला भाव सांगितला होता, मी हां बोललो होतो. तर मालतीबेन म्हणाल्या, बानुं घेतलंय, आता नाही."

"मालतीबेन म्हणाल्या?"

"हा. छोकरो तर तयार होता."

"त्या तीन गिऱ्हाइकांपैकी कोणी तुमच्या ओळखीचं?"

"एकाला पाहिलं. मी तिथेच होतो." किरीटभाईंनी पान तोंडात एका बाजूला सारलं. "तो गराक नव्हता. खरो गराक आधी खोड काढतो. बोनेट उघडणार, टायरला लात मारणार, क्लच खराब आहे म्हणणार. यानं काय केलं? लगनमां आल्यासारखा आला, गाडीला नमस्कार केला, पाकीट दिलं, गेला. भाव पण नाही केला."

खरं गिऱ्हाईक कसं असतं हे जागृतीला फोनवर कळलं. राकेश नावाचा रेल्वेतला माणूस दिवाळीनंतर गाडी बघून गेला होता. अर्धा तास त्याने गाडीखाली झोपून काढला होता, आणि विसार दुसऱ्याचा झालाय म्हटल्यावर चिडला होता.

"मला अजूनही हवी आहे," तो म्हणाला. "बायकोला पायाचं दुखणं आहे. बसमध्ये चढता येत नाही. पण त्या घरातल्यांना विकायचीय की नाही, ते त्यांना तरी ठाऊक आहे का?"

फोन ठेवल्यावर ते वाक्य जागृतीच्या डोक्यात राहिलं.

४

पांडेसऱ्यात दुपारीही धुकं असल्यासारखं वाटतं. धुराड्यांचा धूर, रंगाच्या हौदांची वाफ, आणि त्या सगळ्यातून ओल्या कापडाच्या गाठी ओढणारी माणसं. राघो महाजन निवृत्त होऊनही रोज गिरणीच्या फाटकासमोरच्या चहावाल्याकडे येऊन बसायचे. बाकावर बसताना त्यांनी डावा पाय लाकडासारखा सरळ पुढे ठेवला.

"गेल्या साली जिन्यावरून पडलो," ते म्हणाले. "गुडघा वाकत नाही आता. बोला."

जागृतीने काही झाकलं नाही. तीन माणसं, विसार, पुलावरचा फोटो, चेतनचा संशय, बुधवार. राघोंनी सगळं ऐकून घेतलं. चहा निवत गेला.

"माणसं माझीच," ते शेवटी म्हणाले. "माझ्या हाताखालचे जुने कामगार. चांगली माणसं आहेत, त्यांना यात ओढू नका."

"कशासाठी पाठवली?"

"ते मी नाही सांगणार."

"काका, चेतन तुमचं नाव पोलिसांत देणार आहे."

राघोंचा चेहरा हलला नाही, पण हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. समोरच्या नालीतून जांभळं पाणी वाहत होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"पोराने दिलं तर देऊ दे," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय. पोलीस मारतील तेवढं मारतील. भिकन असता तर त्याने मला एवढंही विचारलं नसतं."

"शब्द कोणाला दिलाय? भिकनरावांना?"

राघो उठले. उठताना त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. "बेटा, तुनं काम चांगलं शे," ते घरच्या बोलीत म्हणाले. "पण आते तू घर जाय."

५

सोमवारचीच संध्याकाळ. पाटलांच्या समोरच्या गॅलरीत वत्सला साडीवर चमकणारे खडे चिकटवत बसली होती. घरी काम आणून करणाऱ्या बायका या भागात घरोघरी. तिच्या मांडीवरची साडी मावळत्या उन्हात लुकलुकत होती. शेडचं तोंड या गॅलरीतून दिसायचं, निदान निंबाच्या फांदीने जेवढं दिसू दिलं तेवढं.

"गाडी?" ती मान वर न करता म्हणाली. "जाते की. राघोभाऊ घेऊन जातात. चेतनभाऊ आणि धनश्री कामावर गेले की."

जागृतीला वाटलं, म्हणजे चेतन खरा.

"तुम्ही त्यांना चालवताना बघितलंय?"

"गाडीत बसताना बघितलंय. त्यांचा तो पाय. आधी बूड टेकतात, मग पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतात. बघवत नाही."

"कुठल्या बाजूने बसतात, वत्सलाताई?"

वत्सलाने सुई डिंकात बुडवून धरली आणि डोळे मिटले, जणू शेड मिटल्या डोळ्यांआड जास्त स्पष्ट दिसत होती.

"या बाजूने. निंबाच्या अलीकडे. गाडीच्या डावीकडे."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे फांदी येते."

जागृतीने खाली पाहिलं. शेडमध्ये अंधार उतरत होता. डाव्या पायाशिवाय क्लच दाबता येत नाही. डाव्या बाजूला बसून गाडी चालवता येत नाही. वत्सलाने राघोंना गाडीत बसताना पाहिलं होतं, आणि बाकीचं तिने मनानेच भरून काढलं होतं.

६

मंगळवारी धनश्री कतारगामला हिऱ्यांच्या ऑफिसात आणि चेतन कारखान्यात असताना जागृती पाटलांकडे गेली. मालतीबाई एकटीच होती. खिडकीत बसून ती मेथी निवडत होती.

"मावशी, त्या तिघांचा विसार बघायचाय मला."

मालतीबाई उठली. देवघरातून तिने एक पाकीट आणून जागृतीच्या हातात ठेवलं. लग्नात आहेर घालतात तसलं, वर रुपया चिकटवलेला, कोपऱ्याला हळदीचा डाग.

"हे एकाचं झालं. बाकीची दोन?"

मालतीबाई पुन्हा खिडकीत जाऊन बसली आणि तिने मेथीची एक काडी उचलली.

"चेतन सांगत होता, पहिल्याने दिलेल्या पाकिटाला हळदीचा डाग होता," जागृती हलक्या आवाजात म्हणाली. "तिसऱ्याच्या पाकिटालाही होता. किरीटभाईंसमोर दिलं तेही असंच असणार. माणसं तीन आली, पण पाकीट एकच. ते इथूनच जायचं आणि इथेच परत यायचं. स्वतःचेच पैसे परत मागायला कोण येईल?"

खिडकीतून येणाऱ्या उजेडात मालतीबाईचा चेहरा अगदी स्थिर होता. मग तिने पदराने कपाळ टिपलं.

"तुले कधी समजनं?"

"गाडीत बसल्यावर. तुमची आणि माझी उंची सारखीच आहे."

मालतीबाईने हातातली काडी खाली ठेवली. मेथीची पानं ताटात पडून होती.

"मावशी, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. चेतनला वाटतंय हे राघोकाकांनी केलं. उद्या तो पोलिसांकडे जाणार आहे. काकांनी मला एक अक्षर सांगितलं नाही."

मालतीबाई उठून उभी राहिली. "मी आजच सांगते त्याला. आत्ता फोन लाव."

जागृतीने तिचा हात धरला. "पुन्हा कधी आहे?"

मालतीबाईला प्रश्न बरोबर कळला. "उद्या सकाळी. चेतन उठायच्या आत निघायचं."

"मग सांगू नका," जागृती म्हणाली. "दाखवा."

७

बुधवारी सकाळी तापीवर धुकं होतं. पूल अर्धवट पुसून टाकल्यासारखा दिसत होता. जागृतीने चेतनला पोलीस चौकीऐवजी पुलापलीकडे, आर.टी.ओ.च्या चाचणीच्या मैदानावर आणलं. धनश्री बरोबर होती. तारेच्या कुंपणाबाहेरच्या बाकावर तिघं बसले.

"इथे काय आहे?" चेतनने विचारलं.

"ज्या रस्त्यावर गाडीला दंड झाला तो रस्ता इथे येतो. थांब जरा."

मैदानावर पिवळ्या-काळ्या खांबांच्या मधून गाड्या एकेक करून जात होत्या. खांबाला धक्का लागला की भोंगा वाजायचा आणि गाडीतला माणूस मान खाली घालून बाहेर यायचा. मग धुक्यातून एक पांढरी गाडी पुढे आली. चेतन ताडकन उठला. नंबर त्याच्या बापाच्या गाडीचा होता. मागच्या काचेवर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर लाल रंगात इंग्रजी एल.

"हीच ती. हीच फोटोतली."

"हीच," जागृती म्हणाली. "बस. तुझीच आहे ती. फोटोतला चौकोन म्हणजे तो एल. शिकाऊ चालकाला लावावाच लागतो. घरी आली की कागद काढायचा. डिंक राहिला काचेवर."

चेतन बसला नाही. गाडी आठच्या आकड्यात वळायला लागली, हळूहळू, चाकांनी जमीन पुसत चालल्यासारखी.

"विसार कशासाठी देतात?" जागृती बोलत राहिली. "गाडी दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. तुझ्याकडे तिघांनी विसार दिला आणि गाडी कोणी नेली नाही. मी विचार केला, गाडी न विकली जाण्यात फायदा कोणाचा? किरीटभाईंना ती हवी होती, राकेशला हवी होती. राघोकाकांना तिचा उपयोग नाही, त्यांचा डावा पाय क्लच दाबू शकत नाही. ते शेजारी बसायचे, कारण शिकाऊ माणसाबरोबर लायसन्सवाला लागतो. मग उरलं कोण? ज्याला या मैदानावर आणायला हीच गाडी हवी होती. चाचणीला गाडी आपली आपण आणावी लागते. नापास झालं की पुन्हा तारीख. पुन्हा तारीख म्हणजे गाडी पुन्हा थोडे दिवस राहायला हवी, म्हणजे पुन्हा एक गिऱ्हाईक. तीन गिऱ्हाइकं, तीनदा नापास. सीट पुढे ओढलेली होती, चेतन. तुझ्या घरात तेवढं ठेंगणं एकच माणूस आहे."

गाडी चढावर थांबली. तिथे बऱ्याच जणांच्या गाड्या मागे घसरत होत्या. ही क्षणभर थरथरली, इंजिनाचा आवाज दाटून आला, आणि ती तसूभरही मागे न जाता वर चढली. मग शेवटच्या खांबांमध्ये उलटी शिरून सरळ उभी राहिली. भोंगा वाजला नाही.

दार उघडलं. कपाळावरचा पदर सारखा करत मालतीबाई उतरली.

चेतन कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून उभा होता. धनश्रीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

८

फाटकाबाहेर राघो एका दगडावर पाय पसरून बसले होते. चेतन आधी त्यांच्याकडे गेला. तो वाकला, पण राघोंनी त्याला पायांपर्यंत पोचू दिलं नाही. त्याचा दंड धरून शेजारी बसवलं.

"तुमच्या नावाने मी पोलिसांत..." चेतन म्हणाला.

"माहिती आहे. गेला नाहीस ना? मग झालं."

मालतीबाई समोर येऊन उभी राहिली. हातात पास झाल्याचा कागद होता, तिने तो कोणाला दाखवला नाही.

"तुझ्या बाबांनी शिकवलं," ती म्हणाली. "डोळे गेल्यावर."

तिने मग सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. डोळे गेले तेव्हा भिकनराव महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. एके दिवशी म्हणाले, मला गाडीत नेऊन बसव. बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू चालू कर. सचिन गावाच्या पलीकडे रिकाम्या प्लॉटांवर रस्ते आखून पडलेले होते, तिकडे राघो गाडी न्यायचे. तेव्हा त्यांचा गुडघा चांगला होता. तिथे मालतीबाई चालवायची, शेजारी नवरा, मागे राघो. भिकनरावांना दिसत नव्हतं, ते आवाजावरून सांगायचे. "आयक. गाडी रडस तवय गिअर बदल." आणि ती त्यांना समोर काय आहे ते सांगायची. बगळे आहेत. बाई गवत कापतेय. आभाळ पिवळं झालंय. ते म्हणायचे, कसं पिवळं? हळदीचं का लिंबाचं? रंगमास्तर होते ना. बरोबर रंग सापडेपर्यंत सोडायचे नाहीत.

"शेवटच्या दोन वर्षांत आम्ही तेवढंच बोललो," ती म्हणाली. "आणि त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की लायसन्स काढशील. अर्धवट सोडणार नाहीस."

"मला का नाही सांगितलंस, आई?"

मालतीबाईने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू नको म्हणाला असतास. या वयात कशाला, म्हणाला असतास, प्रेमानेच. आणि मी ऐकलं असतं. तुझं मी नेहमी ऐकते."

चेतनने गाडीकडे पाहिलं. धुकं वितळून ऊन पडलं होतं.

"गाडी ठेवू," तो म्हणाला. "नाही विकायची."

"विकायची," मालतीबाई म्हणाली. "माझं काम झालं. त्या रेल्वेवाल्याच्या बायकोला तिची गरज आहे. मी त्याला खोटं बोलून परत फिरवलंय."

पुढच्या रविवारी राकेश आला. बोनेट उघडलं, गाडीखाली झोपला, टायरला लात मारली आणि क्लच गेलाय म्हणाला. क्लच गेलेला नाही, तुम्ही पाय अर्धवट सोडता, असं मालतीबाईने त्याला सांगितलं आणि स्वतः चालवून दाखवलं. भाव तिनेच ठरवला. विसार घेतला नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की गाडी त्याच्या दारापर्यंत ती स्वतः घेऊन जाईल.

राकेश तिच्या शेजारी बसला आणि चेतन मोटरसायकलवर मागून निघाला. हायवेला ट्रक होते, कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो होते, आणि त्यांच्यामधून ती पांढरी गाडी न घाबरता, न घाई करता, प्रत्येक वळणाआधी दिवा लुकलुकवत पुढे जात होती. चेतन एवढा वेळ त्या गाडीकडे कधीच बघत राहिला नव्हता. कडोदऱ्याला राकेशची बायको दारात खुर्चीवर बसली होती. मालतीबाईने किल्ली तिच्या हातात दिली, थोडं पाणी प्यायली आणि मागे न बघता चेतनच्या मागे येऊन बसली.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मागांच्या शेडी मागे पडत होत्या.

"बाबांना समुद्र दाखवलास का कधी?" चेतनने विचारलं.

"दाखवला ना. डुमसला. राघोभाऊ म्हणत होते ओहोटी आहे, काही बघण्यासारखं नाही. पण त्या दिवशी चिखलावर ऊन असं पडलं होतं..."

ती सांगायला लागली. चेतनने वेग कमी केला. घराकडे जाणारं पांडेसऱ्याचं वळण आलं, आणि त्याने ते जाऊ दिलं.